मामाजींच्या रेकॉर्डी आणि वन्संचा पेनड्राइव्ह

लॅपटॉप, वायर, पेनड्राइव्ह या वस्तूंना तरुण मंडळींनी उगाच डोक्यावर बसवून ठेवलं आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. गुडघे एक सोडून दोन्ही गेलेले. पण घरातल्या एकशे बारा रेकॉर्डी मी एकटीनं, कुणाचीही मदत न घेता, करंगळीएवढ्या पेनड्राइव्हमध्ये भरल्या! एकशे बारा रेकॉर्डी, प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणजे दोनशे चोवीस फायली. तुम्ही म्हणाल, बाई फुशारकी मारते आहे. मारतेच आहे. पुढे मारायला जागा उरत नाही, म्हणून आत्ताच मारून घेते.

या रेकॉर्डी माझ्या सासऱ्यांच्या. मी त्यांना मामाजी म्हणायची. इतवारीत त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. दिवसभर बादल्या-घागरींचा खणखणाट ऐकून घरी आले, की हातपाय धुतल्यासारखे ते कान धुवायचे, म्हणजे रेकॉर्ड लावायचे. नाट्यगीतं, भावगीतं, शहनाई, बँड, जे मिळेल ते. आणि घरात एकच कायदा होता. रेकॉर्ड वाजत असताना बोलायचं नाही. पंखा बंद, स्टोव्ह बंद, तोंड बंद. बाजू संपली, सुई उचलली, रेकॉर्ड मऊ फडक्यानं पुसून पाकिटात गेली, की मग बोला काय बोलायचं ते. आमच्याकडे सुरू झालेली भांडणंसुद्धा बाजू संपेपर्यंत ताटकळत उभी राहायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या पायावरून विंचू गेला, तेव्हा मी वीस मिनिटं हूं की चूं केलं नाही. बाजू संपल्यावर मात्र अशी ओरडले, की शेजारचे काठ्या घेऊन धावत आले!

रेकॉर्डवर सुई ठेवण्याचा मान घरात एकाच व्यक्तीला असे. आधी तो माझ्या नणंदेला, सुभद्रा वन्संना होता. त्यांचं लग्न झालं, पाठोपाठ मी या घरात आले, आणि मामाजींनी तो मान मला दिला. वन्सं माहेरपणाला आल्या, त्यांनी सुईकडे हात नेला, आणि मामाजी सवयीनं म्हणाले, ‘थांब, सूनबाई ठेवतील.’ वन्संनी हात मागे घेतला. हात घेतला, पण गोष्ट सोडली नाही. त्याला आता त्रेपन्न वर्षं झाली.

मामाजी जाऊन वीस वर्षं झाली. रेकॉर्डी कुणाच्या, हे ते सांगून गेले नाहीत. तेव्हापासून वन्संचं म्हणणं एकच, निम्म्या माझ्या. वन्सं चाळीस वर्षं मेट्रन होत्या. त्यांनी वॉर्डात नुसतं पाऊल टाकलं तरी पेशंटचा ताप उतरायचा. अशी बाई ‘निम्म्या माझ्या’ म्हणते, तेव्हा ते म्हणणं नसतं, तो राउंड असतो.

पण निम्म्या करायच्या कशा? कोणत्या निम्म्या? मला तर पाकिटाच्या वासावरून कोणती रेकॉर्ड आहे ते कळतं. एकशे बारापैकी छप्पन्न निघून गेल्या, तर मी उरलेल्या छप्पन्न ऐकणार, की गेलेल्या मोजणार? यंदा वन्संनी फोनवर सांगूनच टाकलं, की अक्षय तृतीयेला बाबांच्या नावानं जेवायला येईन, आणि येईन ती टेम्पो घेऊनच येईन.

तेव्हा मला ही युक्ती सुचली! मी म्हटलं, वन्सं, सगळ्या रेकॉर्डी मी पेनड्राइव्हमध्ये भरून देते. तुम्हाला निम्म्या नाही, एकशे बाराच्या एकशे बारा मिळतील. फक्त या खोक्यांना घरातून हलवू नका.

वन्सं म्हणाल्या, “बाबाच्या हॉलमधी वाजे, तसं वाजलं पाह्यजे. तसं वाजलं तर ठेव तू तुह्या रेकॉर्डी. नाई वाजलं, तर टेम्पो दारातच उभा राहीन.”

होळी झाली आणि मी कामाला लागले. सीताबर्डीवरून लॅपटॉपला जोडायचा रेकॉर्ड प्लेअर आणला. दुकानदारानं दाखवलं, की ही वायर इथे खोचायची, हे लाल बटण दाबलं की भरणं सुरू, पुन्हा दाबलं की बंद. सुई ठेवायची ती नेहमीसारखीच. एवढं सोपं, आणि यासाठी पोरं पुण्याला जाऊन डिग्र्या घेतात!

आमचं कुटुंब दोन माणसांचं. मी आणि आमचे हे, मारोतराव. हे विद्युत मंडळातून रिटायर झालेले. मामाजी गेले तरी घरातला कायदा तसाच आहे, हेही तुम्हाला सांगायला हवं. मी लाल बटण दाबायची, सुई ठेवायची, आणि आम्ही दोघं समोरासमोर खुर्च्यांवर शपथविधीला बसल्यासारखे बसायचो. कूलर बंद. नागपूरचा चैत्र, दुपारचे बारा, प्रताप नगरातली वरच्या मजल्यावरची खोली, आणि कूलर बंद! हे बनियनवर ओला दुपट्टा टाकून बसत. दहाव्या मिनिटाला दुपट्टा वाळे, पंधराव्याला ह्यांच्या डोळ्यांतून वाफ निघायला लागे. पण तोंडातून अक्षर नाही. मामाजींचे चिरंजीव ना शेवटी!

अशा रोज पाच-सहा बाजू. वीस-वीस मिनिटं गप्प बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या पोटात किती बोलणं साठतं, याची तुम्हाला कल्पना नाही. तोंडावर झाकण घट्ट बसवून खाली गॅस मोठा केल्यासारखं होतं ते. बाजू संपली, की हे कूलरचं म्हणत आणि मी वन्संचं काढी. मनात दुसरं होतंच काय? अक्षय तृतीया, टेम्पो आणि वन्सं. बोलत बोलत मी सुई उचलायची, रेकॉर्ड पुसायची, पाकिटात घालायची, पाकीट खोक्यात ठेवायची, ह्यांना पाणी द्यायची, आणि मग निवांतपणे लॅपटॉपपाशी जाऊन लाल बटण बंद करायची. घाई कशाला? गाणं तर संपलेलं. आणि वायर गाण्याचीच होती.

तपासलं नाही, असं मात्र समजू नका. प्रत्येक फाईल मी तपासली. लावायची, पहिली दोन मिनिटं ऐकायची, वहीत बरोबरची खूण करायची. सूर कसे स्वच्छ, खणखणीत! अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी दोनशे चोविसावी खूण केली आणि मी ह्यांना म्हटलं, आता तुमच्या बहिणीनं टेम्पो काय, मालगाडी आणली तरी हरकत नाही.

अक्षय तृतीयेला वन्सं आल्या. सोबत त्यांची सून मिनल. ती मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. मागोमाग टेम्पोही आला आणि आमच्या गेटला नाक लावून उभा राहिला. मामाजींच्या नावानं घागर भरली, पान वाढलं, चिंचवणी, कुरड्या, पुरणपोळी, आमरस झाला. टेम्पोच्या ड्रायव्हरलाही जेवू घातलं, कारण त्याला रिकाम्या हातानं जायचं आहे, निदान रिकाम्या पोटी जाऊ नये.

मग मी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. कूलर बंद केला. वन्सं सोफ्यावर ताठ बसल्या, हातात पर्स, तोंडावर मेट्रन. पहिली फाईल मी मुद्दाम मामाजींच्या आवडत्या शहनाईची ठेवली होती. शहनाई सुरू झाली आणि काय सांगू तुम्हाला! तीच सुरुवातीची खरखर, तोच एक चरा, तोच सूर. पाचव्या मिनिटाला वन्संच्या हातातली पर्स सोफ्यावर आली. दहाव्याला चष्मा निघाला. पंधराव्याला त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी मनातल्या मनात खाली जाऊन टेम्पो वळवला, गल्लीबाहेर काढला आणि थेट रिंग रोडला लावून दिला!

शहनाई संपली. टीव्हीतून सुईची खर्र खर्र आली. मी उठून काही बोलणार, तेवढ्यात टीव्हीच बोलला.

“झालं का वं? लाव आता कूलर. शिजलो मी.”

आवाज ह्यांचा होता. ह्यांनी दचकून स्वतःच्या तोंडाला हात लावून पाहिला. तोंड बंद होतं.

मग टीव्हीतून कूलरची घरघर सुरू झाली आणि तिच्यावर ताण करत माझा आवाज आला. “लावला. पण मी म्हणतो, तुमच्या बहिणीले काहून पाह्यजेत ह्या रेकॉर्डी? एक नेली होती ना मागं. पापडासंगं गच्चीवर वाळू घातली. वाटी होऊन आली वापस!”

वन्सं टीव्हीकडे बघत शांतपणे म्हणाल्या, “पापडासंगं नाई. कुरड्यासंगं.”

मी घाईघाईनं सांगितलं, की हे मधले मधले आवाज असतात, इंटरनेटवरून येतात, सगळ्यांच्याच येतात. मिनल उठली, लॅपटॉपपाशी गेली, वायर बघितली, दोन बटणं दाबली. तिचे ओठ घट्ट मिटलेले, खांदे हलत होते. म्हणाली, “मामी, वायर बरोबर लागली होती. पण लॅपटॉपला सांगावं लागतं, की बाबा, या वायरमधून ऐक. ते राहून गेलं. मग तो आपल्याच कानानं ऐकत बसला.”

म्हणजे दीड महिना तो लबाड आमच्या हॉलमध्ये तिसऱ्या माणसासारखा बसून सगळं ऐकत होता! आणि आम्ही गाणं चालू असताना गप्प बसणारी माणसं, म्हणून गाणी स्वच्छ आली. पहिली दोन मिनिटं तपासणारीला कळणार कसं? आमचं सगळं शेपटीला होतं.

मी रिमोटकडे झेपावले. गुडघ्यांमुळे माझी झेप तशी पाऊलभरच असते. तोवर रिमोट वन्संच्या हातात गेला होता. दुसरी फाईल लावून त्यांनी गाणं सरळ शेवटापर्यंत पळवलं.

मी म्हटलं, वन्सं, गाणं तरी ऐका.

“गाणे मले पाठ आहेत,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या फाईलच्या शेवटी हे सापडले. वन्सं दरवर्षी लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवतात, आणि दरवर्षी हे फोनवर सांगतात, की ताई, बरणी चाटूनपुसून संपली. टीव्हीतले हे मला सांगत होते, की यंदाचं लोणचं गेटाबाहेरच्या गाईपुढे ठेवलं होतं, तर गाय तोंड फिरवून थेट पलीकडच्या खामला वस्तीकडे निघून गेली, ती अजून आली नाही.

वन्संनी मान वळवून भावाकडे पाहिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण शाळेत छडीसाठी हात पुढे करावा तसा ह्यांनी दुपट्टा पुढे करून घाम पुसला.

तिसरी. मी वन्संच्या फोनवरच्या आवाजाची नक्कल करत होते. चांगली जमली होती, हे मला कबूल करावं लागेल. मिनल स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून भांडं पडल्याचा आवाज आला. चौथी, पुन्हा मी, आणि विषय होता वन्संनी आमच्या वास्तूला दिलेला पडदा. पाचवी लागायच्या आत मला सुचलं, की वीजच गेली तर? मी पाणी आणते म्हणून उठले, पॅसेजमध्ये गेले आणि मेन स्विच खाली ओढला!

टीव्ही गेला. हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की मला मामाजी आठवले. मी हातात तांब्या घेऊन परत आले आणि म्हटलं, अरे देवा, लाइट गेली वाटतं. या दिवसांत एकदा गेली की चार-चार तास येत नाही. चला वन्सं, मी तुम्हाला खालपर्यंत सोडते.

खिडकीतून शेजारच्यांच्या कूलरची घरघर स्वच्छ ऐकू येत होती.

आणि आमचे हे! छत्तीस वर्षांची नोकरी अंगात मुरलेली. लाइट गेली की हा माणूस झोपेतून उठून मीटरपाशी जातो. आताही उठले, चष्मा लावला, पॅसेजमध्ये गेले. मी डोळ्यांनी खुणा केल्या, खोकले, तांब्या आपटला. आतून ह्यांचा आवाज आला, “काही नाई झालं, मेन पडली होती!” आणि टीव्ही लागला. एवढ्या अभिमानानं बाहेर आले, की जसं काही अख्ख्या विदर्भाला उजेड दिला.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, “बस इथं.” मी बसले.

मग त्यांनी क्रमानं शेपट्या लावल्या. दुपारचे चार वाजले, पाच वाजले. खाली ड्रायव्हर टेम्पोत झोपला. मी इकडे पाकिटांच्या वासांचे निरोप घेत होते. शहनाई गेली, बँड गेला, नाट्यगीतं गेली. एकतिसाव्या फाईलपर्यंत मला वाटायला लागलं, की निम्म्याच काय, सगळ्याच घेऊन जा बाई, पण हे थांबवा.

एकतिसावी एका जुन्या भावगीताची. खर्र खर्र झालं. ह्यांचं कूलरचं झालं. मग माझा आवाज आला, पण नेहमीच्या तारेत नव्हता. मी ह्यांना सांगत होते. “एक गोष्ट तुमच्या बहिणीले मी कधी सांगतली नाई. ही रेकॉर्ड संपली, की मामाजी दर वेळी म्हणत, सुभी असती तर म्हणाली असती, बाबा, अजून एक डाव लावा. दर वेळी म्हणत. मी सुई ठेवत होतो ना, मले राग येई. म्हणून नाई सांगतली.”

“आता सांग ना मंग,” हे टीव्हीत म्हणाले.

“आता काहून सांगू? उरल्यासुरल्या पण घेऊन जाईन ते.”

वन्संनी रिमोट खाली ठेवला. मी खाली पायपुसणीकडे बघत होते. ती पायपुसणी धुवायला झाली होती. कुणीच काही बोललं नाही. बाजू वाजत नव्हती, तरीही.

मग वन्सं म्हणाल्या, “दर वेळी म्हणत?”

मी मान हलवली.

“त्रेपन वर्षं पोटात ठेवलं तू हे?”

मी पुन्हा मान हलवली.

वन्सं उठल्या. खोक्यांपाशी गेल्या. त्यांनी ती भावगीताची रेकॉर्ड बरोबर शोधून काढली, पाकिटावरून हात फिरवला, प्लेअरवर ठेवली आणि स्वतः सुई टेकवली. ऐंशीव्या वर्षी हात जरासुद्धा हलला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आम्ही चौघांनी कूलर बंद ठेवून ती पूर्ण बाजू ऐकली. संपल्यावर त्या म्हणाल्या, “अजून एक डाव लाव.” मी लावली.

नंतर त्यांनी खिडकीतून हाक मारून ड्रायव्हरला उठवलं आणि टेम्पो परत पाठवला. रिकामा! मला रडू यायला लागलं. एकशे बाराच्या एकशे बारा रेकॉर्डी घरात राहिल्या. मी जिंकले होते! मी वन्संच्या पाया पडायला वाकले, तेवढ्यात त्यांनी टीव्हीच्या मागे हात घातला, पेनड्राइव्ह काढला आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली.

“रेकॉर्डी तू ठेव,” त्या म्हणाल्या. “हे मी नेतो. एकतीसच झाल्या. एकशे त्र्याण्णव बाकी आहेत.”

मी म्हटलं, मी तुम्हाला दुसरा, स्वच्छ भरून देते, वायरमधून. त्या म्हणाल्या, स्वच्छ नको, हाच बरा आहे.

याला आता सव्वा महिना झाला. वन्सं रोज दोन बाजू ऐकतात. मिनलनं त्यांना टीव्ही शेपटीवर कसा न्यायचा हे नीट शिकवलं आहे. दुपारी चारला फोन येतो. कधी पडद्याचं विचारतात, कधी नक्कल करून दाखवायला सांगतात. या खेपेला लोणच्याच्या दोन बरण्या आल्या, आणि हे रोज चारला, फोनवर आवाज ऐकू जाईल अशा मिटक्या मारत खात आहेत.

काल चारला फोन आला.

“एकशे सहावी झाली,” वन्सं म्हणाल्या.

मी म्हटलं, मग?

“मंग काई नाई. उद्या घरीच येतो. समोरासमोर बोलू.”

तेव्हापासून मी आठवून राहिले आहे. एकशे सहाव्या बाजूच्या दिवशी दोडक्याची भाजी होती. पुढचं काही केल्या आठवत नाही.